अठराचं मायलेज

३ मार्च, रविवार
पेट्रोल पंपावर आमचे जुने रविवार आठवले. मी पुढच्या सीटवर, मांडीवर निळी वही. हे टाकी फुल करून खिडकीतून लिटर सांगत. किलोमीटर मी वाचायची. भागाकार ह्यांचा, कारण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी माझं अक्षर घडवलं, गणित देवावर सोडलं. उत्तर नेहमी अठराच्या आसपास. मग म्हणत, बघ तुझी पसंती! गाडी मीच निवडली होती, पिस्त्याचा रंग बघून. ही पेट्रोल ढोसते, असं भावजी म्हणाले होते. अठराने त्यांचं तोंड बंद झालं.

हे गेल्यापासून गाडी मीच चालवते. आता मुलगा म्हणतो, पार्किंग एकच आहे, नवी गाडी येतेय, ही विकू. आजचं मायलेज ११.४. मी म्हटलं, महिनाअखेर अठरा करून दाखवते. तो म्हणाला, केलंस तर नवी गाडी रस्त्यावर लावीन. सून पंच. ती शाळेत गणित शिकवते. फुल टाकी ते फुल टाकी मोजायचं, अंदाज चालणार नाही, असं बजावलं. माहेरून येतानाच पट्टी घेऊन आली असावी.

५ मार्च
पेट्रोलच्या नळीवर बसवायचे चुंबक आले. पेट्रोलचे कण म्हणे रांगेत उभे राहतात. मेकॅनिकने बसवले, पण चेहरा असा केला की जणू गाडीला ताईत बांधतोय. ह्यांच्या काळापासूनचा माणूस, पण नव्या ज्ञानाची आवड नाही.

१० मार्च, रविवार
११.३. सिग्नल फार लागले.

११ मार्च
टाकीत टाकायच्या गोळ्या. दोनदा वाचलं: पन्नास लिटरला एक. गाडी जुनी, म्हणून तीन टाकल्या.

१३ मार्च
गाडी ठसकतेय. आतली घाण सुटत असणार. चांगलं लक्षण.

१७ मार्च, रविवार
१०.९. सुनेने आकडा नुसता लिहून घेतला. त्याचाच जास्त राग आला.

हे असते तर! शनिवारी संध्याकाळी न चुकता मेकॅनिककडे जाऊन टायरमध्ये हवा भरून आणत. हवेवर सगळं मायलेज असतं, म्हणत. मीही हवा भरते. पण त्यांच्या हातचं काही वेगळंच होतं.

१८ मार्च
गाडीच्या सॉकेटमध्ये खोचायचं यंत्र. निळा दिवा लुकलुकतो. गाडीचा मेंदू सुधारतो.

२४ मार्च, रविवार
१२.१!! मुलाला फोन करून दोनदा सांगितलं. सुनेने विचारलं, आई, सर्दी होती ना, मग एसी लावला होता का? नव्हता लावला. त्याचा इथे काय संबंध?

२५ मार्च
मेकॅनिकने यंत्र उघडून दाखवलं. आत एक दिवा आणि त्या दिव्याची वायर. म्हणाला, वहिनी, मेंदू मला तर सापडला नाही. हसला मेला. मी तिथल्या तिथे रुंद टायर बसवायला सांगितले. पेट्रोल जास्त लागेल म्हणाला. ऐकलं नाही.

३० मार्च, शनिवार
पंपावर उद्याची वाट न बघता मोजलं. ९.८.

तडक मेकॅनिककडे गेले. निळी वही त्याच्यापुढे आपटली. म्हटलं, पानापानावर अठरा आहे, माझ्या अक्षरात आहे, मग तुमच्याच हातात काहीतरी खोट आहे. त्याने हात पुसले, पानं उलटली. मग बाकाखालून पाच लिटरचा पोचे पडलेला कॅन काढला. म्हणाला, साहेब दर शनिवारी हा भरून पेट्रोल टाकीत ओतून घ्यायचे. हवा भरायला दोन मिनिटं लागतात, वहिनी. वहिनींनी पसंत केलेली गाडी आहे, त्यांना कळू द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

घरी येऊन भागाकार स्वतः केला. वहीतलं एक पान घेतलं: १८० किलोमीटर, १० लिटर. त्यात हे पाच मिळवले. तीनदा केला. बारा.

म्हणजे गाडी म्हातारी झालीच नव्हती. पहिल्यापासून अशीच होती.

मला संशय होताच. शनिवारी ह्यांच्या शर्टाला पेट्रोलचा वास यायचा. मी तो हवेचा समजत होते.

३१ मार्च, रविवार
मुलाला सांगितलं, गाडी वीक. तो म्हणाला, आई, अजून एक महिना घे हवा तर. नको म्हटलं. सुनेने पाणी आणून दिलं आणि भागाकार तपासायला मागितला नाही.

वाटप लिहून ठेवते, नंतर घोळ नको.
चुंबक नातीला, फ्रिजवर चित्रं लावायला.
निळा दिवा मुलाच्या नव्या गाडीत. काही सुधारत नाही, पण सोबत होते.
रुंद टायर मेकॅनिकला, बसायला. उरलेल्या गोळ्याही त्यालाच, फेकायला.
गाडी घेईल त्याला मायलेज बारा सांगावं. एसी बंद ठेवून.
कॅन मी मागून आणलाय. तो माझ्या गॅलरीत राहील, कोणी हलवू नये.
निळी वही सुनेला. तिने सगळे भागाकार तपासावेत, बरोबरच आहेत. लाल पेनने काही दुरुस्त करू नये.