कृष्णाची हालचाल

ती. आत्याबाईंना सोनियाचा वाकून नमस्कार.

आम्ही इथं सुखरूप आहोत. कृष्णा पोटभर दूध पितो. फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहितेय.

कृष्णा आठव्या महिन्यातच जन्मला, म्हणून काल दवाखान्यात त्याला गादीवर उताणं निजवून डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओ काढला. या वयात, म्हणजे पाचव्या महिन्यात, मान, मनगटं, घोटे सारखे वळवळायला हवेत म्हणे. आपल्या कृष्णाची मनगटं हललीच नाहीत.

मी म्हणाले, "बाई, आमचं लेकरू लई गरीब हाय, रडतच नाय. घरी सगळे कौतुक करतात."

"मला त्याचीच काळजी वाटते," त्या म्हणाल्या. "मेंदूला इजा असू शकते. पण लवकर कळलं. आजपासून व्यायाम सुरू करू."

ह्यांनी वाळूजच्या कंपनीत रात्रपाळी मागून घेतलीय, म्हणजे दिवसा आम्हाला दवाखान्यात नेता येईल. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता ना?

आत्याबाई, कुणी विचारलं तर लपवू नका. गावी आले की मी त्याला ओट्यावर, सगळ्यांसमोरच व्यायाम देणार आहे. तेव्हा तुम्ही माझ्याजवळ बसा.

तुमची सून,
सोनिया