एकही नग परत आला नाही

३ मार्च

ती. ताईस,
सा. न.

झालं ते क्रमाने लिहिते.

१. पदव्युत्तर प्रवेशाला दहापैकी सरासरी सहा लागते. माझी ५.४ आहे.
२. तीन ठिकाणांहून नकार आला.
३. चौथ्या ठिकाणच्या विभागप्रमुख बाईंनी भेटायला बोलावलं. शेवटच्या दोन वर्षांत गुण का घसरले, असं विचारलं.
४. वर्कशॉपमध्ये लेथ चालवत होते, असं मी सांगितलं. तसं मालकाने लिहून दिलं, तर त्या माझं नाव समितीपुढे ठेवतील.
५. मालक म्हणजे आपले बाबाच. पत्र मिळणार नाही.

बाबांचा हात थरथरायला लागल्यावर मी काय करायची, ते फक्त तुला माहीत आहे. दुपारी ते झोपले की त्यांनी केलेल्या नगांची मापं तपासायची. जाड राहिलेले पुन्हा लेथवर कातायची, बारीक झालेले नव्या सळईतून करायची. लेक्चरं दुपारीच असत. बाबांना वाटतं, मी कॅन्टीनमध्ये बसून वर्षं घालवली. वाटू दे.

इथे नोकरीच्या कारखान्यातही मी इतरांनी केलेले नग मोजते. पुढेही तेच करेन असं दिसतं. माया असू दे.

तुझी धाकटी

९ मार्च

चि. काटेकोर बाईंस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र आहे की पोलिसांचा पंचनामा? मी कशी आहे, हे विचारायला सहावा मुद्दा तरी घालायचास!

रविवारी माहेरी गेले होते. बाबा नव्या शेजाऱ्यांना ऐकवत होते, की तीस वर्षांत त्यांचा एकही नग परत आला नाही, आणि हात चालत होता तेव्हाच त्यांनी वर्कशॉप बंद केलं. आई चहाचं निमित्त करून उठली. म्हणजे तिलाही ठाऊक आहे. मग तुझा विषय निघाला. पोरीला डोकं होतं, पण बूड एका जागी टेकेल तर ना, म्हणाले. सगळे हसले, मीही हसले. घरी येईपर्यंत स्वतःचीच चीड येत होती.

हल्ली ते कप दोन्ही हातांनी धरतात. त्यांना सांगायचं माझ्याच्याने होणार नाही. हवं तर पत्र मी लिहिते, त्यांची सही मला हुबेहूब येते. नाही म्हणशीलच. जेवत जा. आठवण ठेव.

तुझी ताई

१४ मार्च

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

मला पुढे शिकायचं आहे. गुण कमी आहेत. ते का कमी पडले, याचं मालकाच्या सहीचं पत्र लागतं, आणि ते खरं असावं लागतं.

कॉलेजच्या शेवटच्या दोन वर्षांत मी दुपारी वर्कशॉपमध्ये असायची. तुम्ही केलेले नग मोजायची. जे मापात नसत ते दुरुस्त करायची किंवा नव्याने करायची. आधी ते थोडे असत. शेवटी बहुतेक सगळे असत. तुम्हाला न विचारता केलं. तेव्हा सांगायला हवं होतं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आज सांगते आहे ते माझ्या कामासाठी, हेही लपवत नाही.

एकही नग परत आला नाही, हे खरं आहे.

लिहून द्यायचं नसेल तर तसं कळवा. मी हा विषय पुन्हा काढणार नाही. द्यायचं असेल तर मजकूर आईकडून लिहून घ्या. सही मात्र तुमचीच हवी. ती वेडीवाकडी आली तरी चालेल.

कृपया २५ मार्चपर्यंत उत्तर पाठवा.

आपली धाकटी