प्रिंटरची वायर

रत्नागिरी, मंगळवार, संध्याकाळ

वाचनालयाच्या नव्या संगणकाची आज पूजा होती. मुंबईच्या इंजिनियरने बजावले होते, आधी सिस्टीम चढवा, मशीन बंद करा, मगच प्रिंटर जोडा. पण अर्ध्या यंत्राची पूजा कशी करायची? सिस्टीम चढत असतानाच मी वायर खुपसली.

ग्रंथपाल सुलभाताई ओरडल्या, “अण्णा, बंद तरी करा हो!”

“यंत्राला भिता काय?” मी म्हणालो.

प्रिंटर हूं की चूं करीना. मागाहून आलेले वाचनालयाचे अध्यक्ष सुलभाताईंवरच घसरले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. आणि मी? सभा गाजवणारा मी तीच वायर गुंडाळत बसलो!

उद्या उद्घाटन. यंत्रयुगावरचे माझे भाषण लिहून तयार आहे. चारदा वाचले. एक वाक्य कुठेच बसत नाही: वायर मी जोडली.

तेच वाक्य पहिले घेतो. पुढचे बोलायला तोंड उरले, तर बोलेन.