तार उपटल्यावर चालणारा बॅकअप

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. सकाळी रस्त्याच्या खोदाईत इंटरनेटची मेन लाइन तुटली आणि आमच्या सगळ्या दुकानांचं बिलिंग ठप्प. स्नेहलतागंजला बॅकअप लाइन आहे, पण नेटचं ट्रॅफिक तिकडे वळेचना! का? तर मेन लाइन जिथे येते, त्या मल्हारगंजच्या राऊटरवर हिरवा दिवा. लाइन दूर कुठेतरी तुटलेली, राऊटरपासून शेजारच्या नेट कंपनीच्या डब्यापर्यंतची तार शाबूत. म्हणून तो बाकीच्या राऊटरना सांगतच राहिला, बाहेरचा रस्ता माझ्याकडूनच आहे.

मॅनेजर सक्सेनाजींना किती वेळा म्हटलं, त्या हिरव्या दिव्यावर विसंबू नका. राऊटरला बाहेरचा एखादा पत्ता तपासत राहू द्या, उत्तर आलं नाही की तो रस्ता सोडून देईल. तर म्हणे, "चलती चीज़ को हाथ मत लगाओ, भिया." बॅकअपच्या टेस्टच्या दिवशी त्यांनी स्वतः तार उपटली होती, बॅकअप लगेच चालला, झाले पोहे-जलेबी!

आज शेवटी मीच मल्हारगंजला जाऊन तार उपटली. दिवा विझला, बिलिंग सुरू.

वाटलं, आता तरी ऐकतील. "देखा? बैकअप तो बढ़िया है," म्हणाले, आणि गार्डला बोलावून पुढच्या वेळी कोणती तार उपटायची ते दाखवून ठेवलं.