मेर्सी म्हणजे मर्जी नव्हे

आबा, परवा गावाकडनं, कोडोलीहून, चौघं आले होते. चहा घेतला, वाटीभर चिवडा संपवला, मग विषय काढला. गावातल्या मुलींच्या शाळेला तुमचं नाव द्यायचं ठरलंय. तुमच्या लेकरांत आता मी एकटीच उरलेय, म्हणून माझी सही पाहिजे.

मला तर हसूच आवरेना. त्याच आठवड्यात नातीनं एक गंमत सांगितली होती. ती मोबाइलवर फ्रेंच शिकते, गुणाची पोर हाय. तुम्ही लढाईत फ्रान्सला गेलेला, येताना तिथला एक शब्द घेऊन आलात, आणि प्रत्येक भाषणाच्या शेवटी हात जोडून म्हणायचात, "मेर्सी." गावाला ऐकू यायचं, मर्जी. लोक म्हणायचे, "बघा की, एवढा फ्रान्स बघून आलेला माणूस, पण सगळं आपल्या मर्जीवर सोडतोय!" त्यावर तीनदा सरपंच झालात. नात म्हणते, "आजी, मेर्सी म्हणजे थँक्यू." म्हणजे गावाची मर्जी तुम्ही कधी विचारलीच नव्हती! आणि थँक्यू तरी आईला कधी म्हटलं? जन्मभर तिच्या हातचं खाल्लंत, "मीठ कमी हाय" यापलीकडं शब्द नाही.

तोफ चालवली म्हणून चावडीवर सांगायचात. तुम्ही होता खेचरांच्या पलटणीत, दाणापाणी बघायला. आईनंच सांगितलेलं मला. आता त्यात कमीपणा कसला? लपवलंत, तो कमीपणा. खेचर तुमच्यापेक्षा बरं, लाथ मारायच्या आधी कान तरी पाडतं.

शाळेची नवी खोली उघडली तेव्हा फेटा बांधून तुम्ही बोललात, "पोरी शिकवा, पोरी शिकल्या तर गाव शिकंल." आणि सोमवारी मी पाचवीला निघाले, तर खांद्यावरनं दप्तर काढून घेतलंत. म्हैस व्यालेली, तिला वैरण कोण घालणार? मी म्हटलं, "आबा, जाऊ द्या की." तर तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात. "शिकून काय फ्रान्सला जातीस व्हय गं?" ओसरीवर बसलेली सगळी माणसं खो खो हसली.

म्हणून परवा त्या चौघांना म्हटलं, "सही न्हाय करायची मी."

"अवो आजी, असं काय करतासा? केवढा मोठा माणूस हुता!"

"हुता की. दुसऱ्यांच्या पोरींसाठी."

जिना उतरताना एकजण पुटपुटला, "म्हातारी खुळावली." खुळावलीच! पहिलं बाळंतपण सुखरूप पार पडलं, तेव्हासुद्धा मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. संध्याकाळी शेजारणीला बोलावून शिरा खायला घातला.

हे चौथीतल्या अक्षरात लिहिलंय, जोडाक्षरं तेवढी नातीला विचारली. तुम्हाला पाठवायचं तर कुठं? राहील इथंच, गादीखाली. एक गोष्ट मात्र त्या चौघांना सांगितली नाही, तुम्हाला सांगते. त्या दिवशी शाळेपुढं तुमचं भाषण संपलं, तेव्हा पहिली टाळी माझी होती. मला वाटलेलं, तुम्ही माझ्याबद्दलच बोलताय.