ताब्यात मूल नाही

१३ एप्रिल २०२१, मंगळवार

मंजिरीला आई म्हणाली. माझ्यादेखत!

पाडव्याचा फोन होता. पुण्याच्या गॅलरीत गुढी, ईशानीच्या गळ्यात साखरेची गाठी, त्यातलं एक टोक तोंडात. मी म्हटलं, "ईशू, मला देणार?" तर ती वळून माझ्या जावेला, मंजिरीला, म्हणाली, "आई, हे काढ." जावेचा सिद्धार्थ सात वर्षांचा. दिवसभर घरात "आई, आई" चालू असतं त्याचं. ऐकून ऐकून हीसुद्धा. कळतं मला. कळून काय उपयोग?

शार्दूल तिचा बाबा, तरी म्हणाला, "लहान आहे गं. जी समोर असते ती आई." त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

चार महिन्यांसाठी लेकीला सासूबाईंकडे ठेवलं होतं. नऊ महिन्यांची होती तेव्हा. इथे परदेशात, आमच्या गिरावीनमध्ये कितीजणांनी केलंय हे – बाळ आजीकडे, दोघं कामावर, जरा जम बसला की आणायचं. जम बसायच्या आत सीमा बंद झाल्या. आता दोन वर्षांची आहे.

१५ एप्रिल

नोकरी शोधून देणाऱ्या एजन्सीचा मेसेज. मंगळवारी साडेदहा, ब्लॅकटाउनचं ऑफिस, स्वतः हजर राहायचं. नाही गेलं तर पेमेंट थांबणार. कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचे प्रवेश बघायचे मी. विद्यार्थीच येईनात, मला कशाला ठेवतील? तेव्हापासून जॉबसीकरवर, सरकारी बेकारभत्त्यावर, भाडं भागतंय. शार्दूलला वेअरहाउसमध्ये दोनच शिफ्ट मिळतात. बी.ई. झालेला माणूस खोकी उचलतो.

१८ एप्रिल, रविवार

आमच्या मागच्या गल्लीतले विनय आणि चित्रलेखा पुण्यात अडकलेत. त्यांना मे महिन्यातल्या विमानात जागा मिळाल्या – आणि ते ईशानीला सोबत आणायला तयार आहेत! चित्रलेखा फोनवर म्हणाली, "अगं, माझ्याजवळ बसवून आणते तिला, तू काळजीच करू नकोस." शार्दूल कागदपत्रांच्या मागे लागलाय.

मी खोली झाडून पुसून काढली. पाळणा विकायला हवा. त्यात मावायची नाही ती आता.

२० एप्रिल, मंगळवार

गेले नाही.

निघालेच होते. पायात बूट, खांद्याला पर्स. पुण्याहून सासूबाईंचा फोन. तिकडे पहाट. "नुपूर, ईशूला फार ताप आहे गं. सारखी आई आई करतेय. जरा दिस तिला."

आई आई करतेय म्हटल्यावर कुठली अपॉइंटमेंट! तशीच फरशीवर बसले, बुटांसकट. चेहरा लाल झाला होता तिचा, ओठ सुकलेले. मी लाडानं बोलत राहिले, झोपवताना म्हणायचे ते गाणं म्हटलं, तीनदा, चारदा. तिनं फोन ढकलला. "हे नको. आई."

मंजिरी औषध घेऊन आली तशी ही तिच्या मानेलाच चिकटली. सासूबाई कडेला मास्क लावून उभ्या. मी म्हटलं, "मंजिरी, तू पण मास्क लाव ना! कोविड असला तर?"

"मास्क लावला की ओळखत नाही मला," मंजिरी म्हणाली. "घाबरून रडते."

मला तर मास्क नसतानाही ओळखत नाही ती. बस्स. फोन बंद केला तेव्हा साडेदहा कधीच वाजून गेले होते. मग खूप रडले.

२१ एप्रिल

पेमेंट थांबवलं. मेसेज आला.

२२ एप्रिल

एजन्सीत फोन केला. डोना नावाची बाई. आवाज बरा होता. का आला नाहीत? म्हटलं, माझी मुलगी आजारी होती.

टकटक टाइप करायचा आवाज. "सॉरी लव्ह, इथे तर दिसतंय – नो चाइल्ड इन युअर केअर."

मराठीत काय म्हणायचं याला? ताब्यात मूल नाही. मी सगळं सांगितलं – सीमा, विमानं, जाऊ. ती म्हणाली, "धिस टाइम, कारण ग्राह्य धरते मी. पुढच्या वेळी नक्की ये." पेमेंट सुरू केलं तिनं. भली बाई. तरी ते वाक्य काही कानातून जात नाही.

२४ एप्रिल

घरातल्या सगळ्यांच्या टेस्ट झाल्या. ईशानी आणि मंजिरी पॉझिटिव्ह. ईशानीचा ताप उतरला, भूक भूक करतेय. मंजिरीला आता चढलाय. वेगळ्या खोलीत आहे ती. ईशानी आजीजवळ झोपते.

ऐकून मला बरं वाटलं. मंजिरीपासून लांब झोपतेय म्हणून. लाज वाटते, पण वाटलं खरं.

२७ एप्रिल

भारतातून येणारी विमानं बंद! चित्रलेखा फोनवर रडत होती. मी तिचीच समजूत काढत बसले.

३० एप्रिल, शुक्रवार

मंजिरीला ऑक्सिजनवर ठेवलंय. उल्हासभाऊजींनी बायकोसाठी अख्खं पुणं पालथं घातलं, तेव्हा कुठे पिंपरीला बेड मिळाला.

दुपारी तिचाच व्हिडिओ कॉल. मास्क तोंडावर, केस विस्कटलेले. बोलताना धाप लागत होती. "ईशू जेवते ना? वरणात तूप जास्त लागतं तिला." मग थांबली. मला वाटलं, झालं बोलून. तर म्हणाली, "नुपूर, मी नाही हं शिकवलं तिला आई म्हणायला. रोज सांगते, मी काकू. ऐकतच नाही."

केवढं काय काय बोलायला हवं होतं मी. मी म्हटलं, "तू बोलू नकोस. दम लागेल."

५ मे, बुधवार

आज पुन्हा साडेदहाची अपॉइंटमेंट होती. डोनाचा फोन वाजत राहिला. नाही उचलला.

मंजिरी पहाटे गेली.

तिकडे व्हिडिओ कॉल लावला. ईशानी मंजिरीच्या खोलीच्या बंद दारावर थापा मारत होती, "आई, आई." सिद्धार्थनं तिला ओढत फोनसमोर आणून बसवलं. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ईशू, ही तुझी आई. गेली ती माझी."