भाऊ घरी आला

रविवार, संध्याकाळ. माहेरी, शिंदखेडा

आज माझा थोरला भाऊ घरी आला. माझ्या लग्नात तो पिऊन मांडवातच कोसळला होता, तेव्हा आबांनी त्याला घराबाहेर काढलं. त्याआधीची त्याची ढोलकी अजून कानात आहे. तो अंगणात वाजवायचा, मी नाचायचे, आबा खाटेवरून ताल धरायचे. किती सुखाच्या संध्याकाळी!

फैजपूरच्या प्रार्थनाघरात येशूपुढे रडून त्याने दारू सोडली, हे कानावर होतं. मी भेटायला का नाही गेले? आता तो दारू सोडू पाहणाऱ्यांसोबत राहतो. दिवेलागणीला तलफ येते, म्हणून तेव्हाच त्यांना ढोलकी शिकवतो.

तो आबांच्या पायाशी बसला. “आबा, देवनी माले माफ करं. आते तुम्हनी माफी मांगाले उनू.”

“माले बठ्ठं याद शे,” आबा म्हणाले.

सगळं आठवतंय म्हणजे मांडवातलंही. भाऊ उठू लागला, तसा आबांनी त्याचा हात धरला. “उपाशी जाशी का? हात धोई ले.”

जेवायला बसल्यावर भावाने डोळे मिटून प्रार्थना केली. ती संपेपर्यंत आबांनी हातातला घास तसाच धरून ठेवला.